पाच गुण वजा

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या जुलैत पद्मिनी देवस्थळी आमच्या कॉलेजच्या फिजिक्स प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणून रुजू झाल्या. चंडीगडमधलं ते मुलींचं कॉलेज. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. त्यांचे यजमान चारुदत्त देवस्थळी हवाई दलात अधिकारी, माझे वडीलही हवाई दलातच, त्यामुळे घरी त्या माझ्या काकू होत्या. पहिल्या दिवशी व्हरांड्यात मी सवयीनं "काकू" अशी हाक मारली, तेव्हा त्या थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "विनया, या दाराच्या आत मॅडम. घरी ये, मग काकू."

बाई सांगलीच्या. ठेंगण्या, जाड काचांचा चष्मा, पदर कमरेला खोचलेला. हिंदी बोलत ती सांगली वळणाचीच, आणि पंजाबी मुलींना त्याचं हसू येई. वहीला त्या जर्नल म्हणत, मुली कॉपी म्हणत. "कॉपी आणली का?" असं कुणी कुणाला विचारलं की मॅडम दचकून बघत, कारण त्यांच्या कानाला कॉपी म्हणजे परीक्षेतली चोरी.

हसू फार दिवस टिकलं नाही. त्यांनी फळ्यावर नियम लिहिले आणि ते वर्षभर पुसू दिले नाहीत. घंटेनंतर पाच मिनिटांनी दार बंद. आकडा घ्यायचा तो थेट वहीत आणि शाईनं, चिठोऱ्यावर नाही. चुकला तर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. जोडणी दाखवल्याशिवाय बटण दाबायचं नाही. जोडीदारणीचे आकडे उतरवले तर दोघींनी प्रयोग पुन्हा करायचा. बुडालेलं प्रॅक्टिकल शनिवारी, तेही एकदाच. पाऱ्याच्या प्रयोगाआधी बांगड्या, अंगठ्या, कानातलं, सगळं सोनं उतरवून ठेवायचं, कारण पारा सोन्याला धरतो.

शेवटचा नियम त्यांनी लिहिला नाही, तोंडी सांगितला.

"काही फुटलं, काही सांडलं, तर त्याच क्षणी मला सांगायचं. एकही गुण कापला जाणार नाही."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्यांच्याआधीच्या सरांच्या काळात बरोबर उलटा नियम होता. काचेची नळी फुटली, पाच गुण वजा. पारा सांडला, पाच गुण वजा. प्रॅक्टिकलला गुण पन्नास. दोनदा हात निसटला की वर्षभराची मेहनत मातीत.

प्रयोगशाळा लांबट होती. एका टोकाला भिंतीशी पाऱ्याची उपकरणं होती: हवेचा दाब मोजायची उंच नळी, आणि दाब वाढला की हवा किती आकसते ते दाखवणारी नळ्यांची जोडी. नळ्यांवरची मापं उंचावर होती, म्हणून तिथे वीतभर उंचीचा लाकडी चौथरा होता, मुलींनी त्यावर उभं राहून आकडा घ्यायचा. त्याला लागूनच सामानाची खोली, आणि त्या खोलीत बिशनदास.

बिशनदास प्रयोगशाळेचे अटेंडंट. पिंजौरहून रोज बसनं येत. दहा वर्षं तिथेच काढलेली. कुठली कॉइल कुठल्या कप्प्यात, कुठला तराजू खोटा पडतो, सगळं तोंडपाठ. पहिल्या वर्षाला आम्ही घाबरलेल्या असायचो तेव्हा तेच हळूच सांगायचे, "बेटा, पहले साँस लो, फिर तार जोड़ो."

पण मॅडम आल्या तोवर माणूस बदलला होता. हात थरथरत. कपाट उघडताना किल्ली भोकाभोवती फिरत राही. समोरचे दोन दात गेलेले. तोंडाला सारखी लाळ सुटे, रुमाल लावून असत. कुणी त्यांच्याकडे पाहिलेलंच त्यांना सहन होत नसे, हात पाठीमागे घेऊन भिंतीकडे वळत. एकदा एक मुलगी हसली, त्यांना नव्हे, दुसऱ्याच कशाला तरी, तर त्यांनी हातातली मीटरपट्टी भिंतीवर भिरकावली आणि मग स्वतःच रडायला लागले.

"पीता है," असं ऑफिसात सगळे म्हणत. आम्हीही तेच धरून चाललो होतो.

एकाहत्तरच्या डिसेंबरात युद्ध झालं तेव्हा ब्लॅकआउटसाठी सामानाच्या खोलीच्या आणि त्या टोकाच्या खिडक्यांना काळा कागद लावून पट्ट्या ठोकल्या होत्या. युद्ध दोन आठवड्यांत संपलं, पट्ट्या राहिल्या. मॅडमनी त्या काढायला सांगितल्या, तर बिशनदास म्हणाले, "मैडम, ठंड आती है." ऑफिसात अर्ज दिला, तो तिथेच पडून राहिला.

पहिल्या तीन महिन्यांत अकरा वेळा पारा सांडला. अकराही वेळा मुलींनी सांगितलं, मॅडम स्वतः वाकून रबरी पिचकारीनं थेंब गोळा करत. नंतर त्यांनी जुनं नोंदीचं रजिस्टर काढलं. आधीच्या दहा वर्षांत पारा सांडल्याच्या नोंदी होत्या दोन.

मी तेव्हा त्यांच्याजवळ उभी होते. त्यांनी रजिस्टर मिटलं, पुन्हा उघडलं.

"दहा वर्षांत दोन," त्या म्हणाल्या. "पोरी काय याच वर्षी वेंधळ्या झाल्या?"

मी काहीच बोलले नाही. का नाही बोलले ते पुढे सांगते.

पंचाहत्तरचा जानेवारी. मी आता तिसऱ्या वर्षाला होते. धुकं दुपारी बारापर्यंत हटत नव्हतं, आणि सामानाच्या खोलीत विजेची शेगडी सकाळपासून लाल असायची. त्या दिवशी पहिल्या वर्षाचा पाऱ्याचा प्रयोग होता. मॅडमनी नियमाप्रमाणे आपली अंगठी काढली आणि सामानाच्या खोलीतल्या टेबलाच्या खणात ठेवली. दुपारी खण उघडला, तर अंगठीची एक बाजू पांढरी पडली होती. चांदीची वाटावी अशी.

त्यांनी खण पूर्ण ओढून खिडकीशी नेला, पण उजेड कुठला, काळा कागद. मग व्हरांड्यात नेला. खणाच्या कोपऱ्यात, लाकडाच्या सांध्यात, मोहरीहून बारीक थेंब चमकत होते.

"ये कहाँ से आया, बिशनदासजी?"

बिशनदासांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "मैडम, वो तो हर जगह निकलता है. अँगूठी मैं साफ कर दूँगा." मग जरा थांबून, लाजत म्हणाले, "मेरी घरवाली की बालियाँ भी ऐसी ही हो गई थीं. पहनती थी, पहनते-पहनते सफेद."

मॅडम खुर्चीवर बसल्या. पिंजौरला, घरात, बायकोच्या कानातलं. हा पारा माणसाच्या कपड्यांवरून बसमधून घरी जात होता.

त्यांनी मग एकेक करून सगळं विचारलं. दर डिसेंबरात परीक्षेआधी मळलेला पारा गाळून स्वच्छ करायचा असे. मऊ कातड्याची पुरचुंडी करायची, आत पारा ओतायचा आणि मुठीनं पिळायचा. उघड्या हातांनी, दार लावून, शेगडीजवळ. एकेका वर्षी आठ-आठ दिवस. दुपारची रोटी त्याच टेबलावर. बारा वर्षं.

"किसी ने बताया नहीं कि इसकी भाप ज़हर होती है?"

"आपने बच्चियों को बताया था," बिशनदास म्हणाले. "मैंने सोचा, बच्चियों के लिए है."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले होते, आईनं तिळाच्या वड्या दिल्या होत्या त्या पोचवायला. चारुदत्तकाका चहा पीत बसले होते. त्यांची मुलगी चित्रा अभ्यास करत होती आणि आईला विचारत होती, "मम्मी, अँगूठी को क्या हुआ?"

काका म्हणाले, "पद्मिनी, तू डॉक्टर नाहीस. तो माणूस पीत असेलही."

"असेल. मी त्याच्या शेजारी दीड वर्ष उभी आहे, कधी वास आला नाही." त्यांनी रजिस्टर घरी आणलं होतं. त्यात दर महिन्याला बिशनदासांची सही होती. त्रेसष्टची सही मोत्यासारखी, सत्तरची जरा तिरकी. चौऱ्याहत्तरच्या सहीत अक्षर ओळखू येत नव्हतं, नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा. त्यांनी पानं उलटत काकांना एकेक दाखवलं. काकांनी कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिसऱ्या वर्षाच्या आम्हा अडतीस जणींना बसवलं. पहिलं वर्ष जुन्या सरांकडे केलेल्या आम्हीच शेवटच्या उरलो होतो. प्रत्येकीला एक कोरा कागद दिला.

"नाव लिहायचं नाही. पहिल्या वर्षी तुमच्या हातून पारा सांडला आणि तुम्ही तो सांगितला नाही, असं झालं का? झालं असेल तर त्याचं काय केलंत, तेवढंच लिहा."

माझ्या हातून सांडला होता. नळीत ओतताना चमचाभर. माझ्या जोडीदारणीनं दाराकडे लक्ष ठेवलं आणि मी पट्टीनं थेंब ढकलत चौथऱ्याच्या फटीत लोटले. किती सहज गेले! फटीत गेले आणि नाहीसे झाले. पाच गुण वाचले. मी ते सगळं लिहिलं. आणि नाव लिहू नका म्हटलं होतं तरी खाली नाव लिहिलं.

अडतीसपैकी एकतीस जणींनी 'हो' लिहिलं होतं. बहुतेकींनी चौथऱ्याच्या फटीत, काहींनी सामानाच्या खोलीच्या दाराखालून आत.

मॅडमनी कागद एकावर एक रचले. माझा वर होता. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "ही एक बॅच. अशा दहा."

शनिवारी सकाळी सुतार आला. चौथऱ्याच्या फळ्या बारा वर्षांत कधी उचलल्या नव्हत्या. मॅडमनी खिडक्यांवरच्या पट्ट्या आधी उचकटायला लावल्या, गार वारा आत आला, काळे कागद फाटून लोंबू लागले. मग पहिली फळी निघाली.

खाली धूळ असेल असं मला वाटलं होतं. धूळ होतीच, पण ती हलत होती. सुतारानं दुसरी फळी ओढली तशी धुळीखालून चंदेरी गोळी घरंगळली, दुसरीला मिळाली, मोठी झाली, आणि जमिनीच्या उतारानं आमच्याकडे यायला लागली. तिच्यामागून आणखी. लिंबाएवढी एक, मग थाळीएवढं एक थारोळं, त्यात छताचं प्रतिबिंब. आम्ही चौघी-पाचजणी मागे सरकलो. उन्हाळ्यात या शहरात पंखेही गरम हवा फेकतात, आणि उकाड्यात पाऱ्याची वाफ जास्तच होते. ते सगळे उन्हाळे हे इथे आमच्या पायांखाली होतं.

बिशनदास दारात उभे होते. दोन्ही हात काखेत दाबून धरलेले.

"इतना?" ते म्हणाले. "मैं तो हर महीने गिनता था कि बोतल में कम क्यों होता है. मुझे लगा मैं ही भूलता हूँ."

प्रिन्सिपलबाई आल्या, दारातूनच पाहिलं आणि रुमाल नाकाला लावला. त्या वाईट नव्हत्या. पण तीन आठवड्यांवर विद्यापीठाची तपासणी समिती येणार होती. गाजावाजा न करता सफाई करून घ्या, एवढं सांगून त्या गेल्या. मॅडमनी पाऱ्याला बांधून ठेवणारी गंधकाची पूड पसरली, पारा जाड काचेच्या बाटल्यांत भरून घेतला. दोन दिवस चाललं ते. फळ्या मात्र कुणीतरी मागच्या आवारात नेऊन टाकल्या.

सोमवारी सकाळी इतकं धुकं होतं की गेटवरून इमारत दिसत नव्हती. मी सायकल लावत होते, तेवढ्यात मागच्या बाजूला जाळाचा तांबूस उजेड दिसला. माळी, चौकीदार, झाडूवाल्या दोघी, असे सातआठजण शेकोटीभोवती उकिडवे बसून हात शेकत होते. आणि शेकोटीत चौथऱ्याच्या फळ्या.

मला काही सुचायच्या आत मॅडम माझ्या शेजारून पळत गेल्या. पायात चपला, साडी ओल्या गवतात. "उठो! सब उठो! दूर हटो!" माणसं हसली, त्यांना वाटलं लाकूड चोरल्याबद्दल बाई रागावल्या. चौकीदार म्हणाला, "मैडम जी, रद्दी लकड़ी है." मॅडमनी त्याच्या दंडाला धरून त्याला अक्षरशः ओढला. झाडूवालीच्या मांडीवर तिची तान्ही मुलगी होती, तिला उचलून माझ्या हातात दिली आणि ओरडल्या, "विनया, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला. पळ!"

मी पळाले. मागे वळून पाहिलं तर मॅडम तोंडाला पदर लावून बादलीनं माती टाकत होत्या, आणि पांढरा धूर धुक्यात मिसळून दिसेनासा होत होता. धूर कुठला आणि धुकं कुठलं, काही कळत नव्हतं.

जाळ किती वेळ चालला होता? चौकीदार म्हणाला, अर्धा तास. माळी म्हणाला, कालपण केला होता.

त्या दिवशी मॅडमनी प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. बिशनदासांना आणि शेकोटीभोवतीच्या सगळ्यांना घेऊन त्या मोठ्या इस्पितळात गेल्या. बिशनदासांना आधी एका खाजगी डॉक्टरनं नसांची कमजोरी म्हणून टॉनिक दिलं होतं. इथल्या तरुण डॉक्टरनं मॅडमचं सगळं ऐकून घेतलं, लघवी तपासायला पाठवली, आणि आठ दिवसांनी सांगितलं की ही पाऱ्याचीच विषबाधा, शंकाच नको. शेकोटीवाल्यांपैकी माळ्याला महिनाभर खोकला राहिला, बाकीचे बचावले. तान्ही मुलगीही. मॅडमच्या स्वतःच्या तपासणीतही पारा निघाला, बिशनदासांच्या मानानं थोडा. "आप समय पर निकल गईं," डॉक्टर म्हणाला.

समितीच्या आदल्या आठवड्यात प्रिन्सिपलबाईंनी मॅडमना बोलावलं. या सगळ्याबद्दल मॅडमनी समितीसाठी लिहिलेल्या अहवालाची चार पानं टेबलावर होती. हे मला मॅडमनी नंतर घरी सांगितलं.

"इतकं तपशिलात कशाला?" प्रिन्सिपलबाई म्हणाल्या. "दुरुस्तीसाठी प्रयोगशाळा बंद, एवढं पुरे. हे पान बदलून द्या."

"मुलींना मी पान फाडू देत नाही."

"मुलींची गोष्ट वेगळी, मिसेस देवस्थळी."

"मग तुम्हीच त्यावर रेघ मारा. एकच. खालचं वाचता आलं पाहिजे."

अहवाल तसाच समितीपुढे गेला. समितीनं वाचला, प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत न्यायला सांगितलं, बिशनदासांना पगारी रजा द्यायला लावली आणि पाच गुण कापायचा नियम लेखी रद्द केला. पुढच्या जुलैत मॅडमकडून प्रमुखपद काढून घेतलं. कारण दिलं नाही. त्या नवीन प्रयोगशाळेत साध्या शिक्षिका म्हणून उभ्या राहू लागल्या, दाराशी, घड्याळ बघत, पूर्वीसारख्याच.

त्याच वर्षी त्यांनी प्रवेशाच्या जुन्या रजिस्टरांतून पत्ते काढून जुन्या विद्यार्थिनींना कार्डं लिहायला घेतली. मी आणि चित्रा पत्ते घालायला बसायचो. मजकूर चार ओळींचा: आपण या प्रयोगशाळेत शिकलात, हात कापत असतील किंवा झोप लागत नसेल तर डॉक्टरांना पाऱ्याबद्दल जरूर सांगा. डॉक्टर म्हणाले होते, आठवड्यातून दोन तासांनी मुलींना काही होणार नाही. काकाही तेच म्हणाले.

"तसंच असेल," काकू म्हणाल्या. "मला ते त्यांच्याकडून कळू दे."

तीनशेवर कार्डं गेली. लग्न होऊन मुली कुठे कुठे गेलेल्या. सत्तावीस उत्तरं आली. बहुतेक सगळ्या ठीक होत्या. अंबाल्याहून एकीच्या भावाचं पत्र आलं: बहीण तीन वर्षं फारशी बोलत नाही, घराबाहेर निघत नाही, हात कापतात, आम्ही मानसिक आजार समजत होतो. त्या मुलीनं पदवीनंतर दोन वर्षं आमच्याच प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून काम केलं होतं. काकू दुसऱ्याच दिवशी बसनं अंबाल्याला गेल्या आणि तिला घेऊन इस्पितळात आल्या. पुढे ती सुधारली, पुष्कळ सुधारली. पण ते पत्र आल्यापासून काकूंना टपालाची वेळ झाली की घरात बसवत नसे. फाटकाशी जाऊन उभ्या राहत.

शहात्तरच्या मे महिन्यात काकांची नाशिकला बदली झाली. जायच्या आधी काकू मला घेऊन पिंजौरला गेल्या. बिशनदासांना रजेवरून पुन्हा कामावर घेतलं नव्हतं, ते पेन्शनीत निघाले होते. पत्र्याच्या छपराखाली खाटेवर बसले होते. दीड वर्षात तोंड भरलं होतं, आणि आता ते माणसाकडे बघून बोलत होते. त्यांनी स्वतः चहा ओतायचा हट्ट धरला. किटली कपाच्या काठावर वाजत होती. बायको पुढे झाली, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. काकू जागीच बसून राहिल्या, मदत केली नाही. निम्मा चहा बशीत, निम्मा कपात. काकूंनी दोन्ही प्यायला.

"पहले से अच्छा है न, मैडम?"

"बहुत अच्छा है."

बस फाट्यावर यायला वेळ होता. काकू रस्त्याकडे बघत होत्या. मी विचारलं, तुमची झोप कशी आहे. त्या म्हणाल्या, "लागते. दोन-तीन तास." तोवर चौतीस कार्डं परत आली होती, पत्त्यावर कुणी नाही असा शेरा मारून. ती त्यांनी नाशिकला बरोबर नेली.